दुय्यमाचा डाव : हेस्टिंग्ज, १९३०-३१

‘मात करणे’, ‘शह-काटशह’, ‘प्याद्याचा वजीर होणे’, ‘अडीच घरांची चाल’ हे शब्द, ज्याने आयुष्यात कधी बुद्धिबळाचा पट मांडला नाही, त्याच्याही तोंडी असतात. इतका हा खेळ आपल्या भाषेत मुरलेला आहे. तरीही बुद्धिबळाच्या हकीकतींकडे इतिहास म्हणून पाहण्याची सवय आपल्याला नाही. लढाया, तह आणि वंशावळी यांचा विचार म्हणजे इतिहास, आणि खेळाच्या गोष्टी म्हणजे करमणूक, अशी वाटणी आपण करून टाकलेली आहे. आज ही वाटणी थोडा वेळ बाजूला ठेवावी, अशी माझी विनंती आहे. कारण मी जो विषय घेतला आहे तो एका डावाचा असला, तरी त्यातून निघणारा प्रश्न इतिहासकाराचाच आहे.

तो प्रश्न असा. ज्याला जगाने वरचा मानले आहे त्याला, ज्याला जगाने खालचा मानले आहे त्याने हरवले, तर त्या घटनेचा अर्थ काय लावायचा? आपण सहसा दोन उत्तरे देतो. एक, ‘नशीब!’ दुसरे, ‘चमत्कार!’ पहिले उत्तर हरलेल्याचे मित्र देतात, दुसरे जिंकलेल्याचे चाहते देतात. दोन्ही उत्तरे वरवर परस्परविरोधी वाटतात. परंतु बारकाईने पाहिले तर दोघांचाही परिणाम एकच होतो. जिंकणाऱ्याने काय केले, हे पाहण्याची गरज दोघांनाही उरत नाही. माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की दुय्यम गणलेल्याच्या विजयाला चमत्कार म्हणणे हा त्याचा गौरव नव्हे. ती त्याच्या श्रमाची आणि बुद्धीची चोरी आहे. यासाठी मी एकच उदाहरण घेतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील हेस्टिंग्ज या गावी, १९३० साल मावळून १९३१ उजाडत असताना, पंजाबच्या मीर सुलतानखानाने क्यूबाच्या कापाब्लांकाला हरवले, तो डाव.

प्रथम ‘वरचा’ आणि ‘खालचा’ या शब्दांचा हिशेब करू. आज प्रत्येक बुद्धिबळपटूच्या नावापुढे एक आकडा असतो. त्याला मानांकन म्हणतात. ही पद्धत हंगेरीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत पदार्थविज्ञान शिकविणाऱ्या अर्पाद एलो यांनी बसविली. अमेरिकेच्या संघटनेने ती १९६० मध्ये आणि जागतिक संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. म्हणजे हेस्टिंग्जच्या डावाच्या वेळी आकडे नव्हते. होती ती केवळ कीर्ती. पुढे एलो यांनीच १९७८ च्या आपल्या ग्रंथात जुन्या खेळाडूंचे निकाल जमवून त्यांना मागाहून आकडे दिले. ज्याच्या त्याच्या भराच्या पाच वर्षांचा तो हिशेब होता. त्यात कापाब्लांकाला २७२५ आणि सुलतानखानाला २५३० असे गुण मिळाले. फरक १९५ गुणांचा.

या फरकाचा अर्थ काय? एलो यांच्या गणिताप्रमाणे असा फरक असताना खालच्या खेळाडूने चार डावांत मिळून साधारण एक गुण मिळवावा. हा एक गुण दोन बरोबऱ्यांतून येईल किंवा एका विजयातून येईल. येथे एक गोष्ट ध्यानात धरा. हे गणितच सांगते आहे की खालचा मधूनमधून जिंकणारच. जो आकडा त्याला दुय्यम ठरवितो, तोच त्याच्या विजयाची सोयही करून ठेवतो. मानांकन हा झालेल्या डावांचा जमाखर्च आहे. तो मांडल्या जाणाऱ्या डावाचा निकाल नव्हे. सावकाराच्या वहीत कालपर्यंतची बाकी असते. आज कोण किती कमावील हे त्या वहीत लिहिलेले नसते.

आता स्थळ पाहू. हेस्टिंग्ज हे नाव इंग्लंडच्या इतिहासात १०६६ च्या लढाईमुळे प्रसिद्ध आहे. बुद्धिबळाच्या इतिहासात ते १८९५ च्या स्पर्धेमुळे प्रसिद्ध झाले. त्या स्पर्धेस स्टाइनिट्झ, लास्कर, चिगोरिन, टाराश असे त्या काळचे सगळे दिग्गज जमले होते, आणि पहिला आला तो अमेरिकेहून आलेला बावीस वर्षांचा पिल्सबरी, ज्याचे नाव युरोपात फारसे कोणी ऐकले नव्हते. तेव्हा दुय्यमाने अव्वलाला मागे टाकावे, ही त्या गावाची जुनीच रीत म्हणावी लागेल. पुढे १९२० पासून तेथे दर नाताळात स्पर्धा भरू लागली. १९३०-३१ च्या मुख्य स्पर्धेत दहा खेळाडू होते. त्यांत हॉलंडचे डॉ. माक्स ऑयवे होते, जे पुढे १९३५ मध्ये जगज्जेते झाले. व्हेरा मेंचिक होत्या, ज्या १९२७ पासून स्त्रियांच्या जगज्जेत्या होत्या. आणि या सर्वांवर ज्याचे नाव होते, तो होझे राऊल कापाब्लांका होता.

कापाब्लांकाचा जन्म १८८८ मध्ये हवानाला झाला. १९२१ मध्ये त्याने लास्करला हरवून जगज्जेतेपद घेतले आणि १९२७ मध्ये ब्वेनोस आयरेस येथे ते आल्येखिनच्या हाती गेले. १९१६ पासून १९२४ पर्यंत, म्हणजे आठ वर्षे, या माणसाने एकही गंभीर डाव गमावला नव्हता. प्रौढ वयातल्या साऱ्या कारकीर्दीत त्याने गमावलेले स्पर्धेतले डाव पन्नासही भरत नाहीत. त्याची चाल साधी असे, घाई नसे, आणि डावाच्या अखेरीस पटावर थोडी मोहरी उरली म्हणजे त्याच्या हातून सुटणे जवळजवळ अशक्य, असा त्याचा लौकिक होता. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. डावाकडे वळल्यावर त्याची गरज लागेल.

आणि समोर कोण? पंजाबातील सरगोधा भागातल्या मिठा टिवाणा या गावचा, वयाची तिशीही न गाठलेला एक तरुण. त्याचा आश्रयदाता सर उमर हयात खान टिवाणा, हा मोठा जमीनदार, लष्करी मानकरी आणि साम्राज्याचा निष्ठावंत. १९२९ मध्ये भारतमंत्र्यांच्या मंडळावर नेमणूक होऊन तो लंडनला गेला, आणि आपल्याबरोबर सुलतानखानाला घेऊन गेला. त्यापूर्वी, १९२८ मध्ये, सुलतानखानाने अखिल भारतीय स्पर्धा जिंकली होती. नऊ डावांत आठ विजय, एक बरोबरी, पराभव एकही नाही.

परंतु हा तरुण बुद्धिबळ शिकला तो आपल्या देशी पद्धतीने. देशी आणि विलायती डावांतला फरक आज पुष्कळांना ठाऊक नसेल, म्हणून थोडक्यात सांगतो. देशी डावात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरकते. किल्लेकोटाची विलायती रीत त्यात नाही. त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारण्याची मुभा असते. शेवटच्या ओळीत पोचलेले प्यादे मनास येईल ते मोहरे होत नाही; ते ज्या घरात पोचले त्या घराच्या मूळ मालकाचे रूप त्याला घ्यावे लागते. प्रांतोप्रांती यात थोडेफार फरक होते. पण एक लक्षण सगळीकडे समान होते. डाव संथ चाले. दोन्ही बाजूंची फौज समोरासमोर येण्यास वेळ लागे, आणि त्या अवधीत कोण आपली रचना अधिक शहाणपणाने करतो यावर पुढचे सारे अवलंबून असे.

विलायती डावाचे पाहिले तर तेथे सुरुवातीच्या दहाबारा चालींवर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले होते. युरोपातला कोणताही मातबर खेळाडू ते ग्रंथ लहानपणापासून घोटून आलेला असे. सुलतानखानापाशी ही शिदोरी नव्हती. १९२९ च्या वसंतात लंडनमध्ये त्याच्यासाठी सरावाची एक लहानशी स्पर्धा भरविण्यात आली. त्यात तो शेवटच्या जागेत वाटेकरी झाला. नंतर विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स या दोघा इंग्रज खेळाडूंनी त्याच्याबरोबर बसून सराव केला. काही महिन्यांतच, त्याच उन्हाळ्यात, रॅम्सगेट येथे भरलेली ब्रिटिश अजिंक्यपदाची स्पर्धा त्याने जिंकली. इंग्लंड चकित झाले. पण चकित होण्याच्या भरात एक गोष्ट राहून गेली. वसंतातला शेवटचा आणि उन्हाळ्यातला पहिला यांच्यामध्ये जे काही आठवडे गेले, ते शिकण्यात गेले होते.

आता डाव. पांढरी मोहरी सुलतानखानाकडे, काळी कापाब्लांकाकडे. कापाब्लांकाने जी मांडणी निवडली तिला ‘वजिराच्या बाजूचा भारतीय बचाव’ म्हणतात. या नावामागेही एक कथा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कलकत्त्यात महेशचंद्र बंदोपाध्याय नावाचे गृहस्थ जॉन कॉकरन या स्कॉटिश बॅरिस्टराशी डाव खेळत. ते आपली प्यादी देशी सवयीप्रमाणे एकेक घर सरकवून उंट कोपऱ्याकडून काढीत. त्यांचे डाव कॉकरनने टिपून ठेवले, आणि पुढे युरोपात अशा मांडणीला ‘भारतीय’ हे नाव पडले. म्हणजे हेस्टिंग्जला क्यूबाचा माणूस भारतीय बचाव घेऊन बसला होता, आणि समोर बसलेला भारतीय विलायती नियम शिकून जेमतेम काही वर्षे झालेला होता.

सुलतानखानाने पाचव्या चालीस कडेचे प्यादे एकच घर पुढे केले. ही चाल त्या काळी दुबळी वाटण्याजोगी होती. पुढे जगज्जेता झालेल्या पेट्रोसियनचे नाव याच कल्पनेला मिळाले, आणि आज ती प्रतिष्ठित मानली जाते. कापाब्लांकाने मध्यभागी घोडा रोवला आणि त्याला प्याद्याचा आधार दिला. तेव्हा सुलतानखानाने आपला घोडा काळ्याच्या गोटात घुसवला आणि तेराव्या चालीस तो देऊन बदल्यात काळ्याचा उंट घेतला. या अदलाबदलीत काळ्याची दोन प्यादी एकाच रांगेत एकामागे एक अडकून पडली. पांढऱ्याकडे दोन्ही उंट राहिले. पट शांत होता. पण पांढऱ्याची जमीन थोडी अधिक कसदार झाली होती.

पुढच्या चाली पाहण्यासारख्या आहेत. चौदाव्या चालीस सुलतानखानाने राजाच्या बाजूच्या कडेचे प्यादे दोन घरे रेटले. सतराव्या चालीस मध्यातला घोडा मारून घेतला, आणि मध्यभाग प्याद्यांनी गच्च बंद झाला. एकोणिसाव्या आणि विसाव्या चालीस आणखी एक प्यादे पुढे दामटून त्याने काळ्याच्या उरलेल्या घोड्याला मागच्या ओळीत, अगदी बिनकामाच्या जागी हाकलून दिले. या साऱ्या वेळात त्याचा स्वतःचा राजा मूळ जागीच, मध्यभागी उभा होता. किल्लेकोट त्याने केलाच नाही. ग्रंथ वाचून आलेला मनुष्य असे सहसा करीत नाही. पण बंद मध्यभागाच्या आड राजा सुरक्षित आहे, हे त्याने पटावर पाहिले होते.

कापाब्लांका स्वस्थ बसला नव्हता. त्याने आपले दोन्ही हत्ती एकाच मोकळ्या रांगेत, एकामागे एक आणून उभे केले होते. एकविसाव्या चालीस पांढऱ्याच्या उंटाने त्यातल्या एका हत्तीवर नजर रोखली, आणि कापाब्लांकाने चढाई केली. एक हत्ती पांढऱ्याच्या पहिल्या ओळीपर्यंत शह देत घुसला. राजा एक घर वर सरकला. दुसरा हत्ती शह देत आला. या धुमश्चक्रीत सुलतानखानाचा वजीर गेला, आणि कापाब्लांकाचे दोन्ही हत्ती गेले. चोवीस चालींनंतर पट असा दिसत होता : काळ्याकडे वजीर, एक उंट आणि एक घोडा, पांढऱ्याकडे दोन हत्ती आणि दोन उंट.

श्रोतेहो, येथे क्षणभर थांबू. वजीर गेला म्हटले की नवशिक्या माणसाचे अवसान गळते. वजीर म्हणजे पटावरील सर्वांत बलाढ्य मोहरे. आणि तो कोणासमोर गेला? डावाच्या उत्तरार्धात जगात ज्याची जोड नाही असे म्हणत, त्याच्यासमोर. मोहऱ्यांची किंमत पुस्तकी हिशेबाने मोजली तर दोन हत्ती वजिरापेक्षा किंचित भारी ठरतात. परंतु वजीर एकटा साऱ्या पटावर धावतो, आणि मोकळ्या पटावर तो दोन हत्तींना सळो की पळो करून सोडतो. म्हणून प्रश्न मोहऱ्यांच्या किमतीचा राहिला नाही. प्रश्न पट मोकळा आहे की बंद, हा होता. आणि तो आधीच बंद झाला होता. मधली प्यादी एकमेकांच्या छातीला छाती लावून उभी होती. काळ्याचा उंट आपल्याच प्याद्याच्या पाठीशी डोके आपटीत होता. वजीर पांढऱ्याच्या गोटात शिरला खरा. पण शिरल्यावर त्याला मारण्याजोगे काही सापडेना, आणि तिसाव्या चालीच्या सुमारास त्याला माघारी वळावे लागले. पांढऱ्याचे हत्ती तोवर आपापल्या जागी येऊन बसले होते.

यापुढच्या पस्तीस चालींत डोळे दिपविणारे काही नाही. कोणताही मोठा बळी नाही, अवचित मात नाही. हत्ती एका बाजूस दाब देतात. काळा तिकडे बचाव उभा करतो. मग दाब दुसऱ्या बाजूस सरकतो. पांढऱ्याला घाई नाही. काळ्याला हालचाल करायला जागा नाही. ज्या पद्धतीने कापाब्लांकाने अनेकांना थकवून टाकले होते, त्याच पद्धतीने तो स्वतः थकवला जात होता. पासष्टाव्या चालीनंतर कापाब्लांकाने डाव सोडला.

याला नशीब म्हणणाऱ्यांना मी विचारतो, यात नशीब कोठे आहे? नशिबाचा डाव असा असतो : वरचा खेळाडू जिंकत आलेला असतो, एखाद्या क्षणी त्याची नजर चुकते, आणि खालचा ती चूक उचलतो. तसे डाव होतात, आणि तेही खेळाचाच भाग आहेत. पण हा डाव तसा नव्हे. येथे तेराव्या चालीपासून एक विचार धरलेला दिसतो, आणि तो शेवटपर्यंत सोडलेला नाही. देशी डावाने अंगी बाणवलेली सावकाश रचना करण्याची सवय आणि लंडनमध्ये नव्याने शिकलेली विद्या, या दोहोंचा सांधा या डावात जुळलेला आहे, असे मला वाटते.

स्पर्धेचा शेवट असा झाला. ऑयवे सात गुण मिळवून पहिले, कापाब्लांका साडेसहा गुणांवर दुसरा, सुलतानखान सहा गुणांवर तिसरा. कापाब्लांका त्या स्पर्धेत हरला तो हा एकच डाव. येथे नुसती बरोबरी झाली असती तरी तो ऑयवेंच्या जोडीला पहिला आला असता. म्हणजे हा डाव तक्त्याच्या शेपटाकडचा नव्हता. त्याने पहिला क्रमांक फिरवला.

एका डावावरून माणूस जोखू नये, हे म्हणणे रास्त आहे. म्हणून इतर डावही पाहू. हेस्टिंग्जपूर्वी, १९३० मध्ये, लिएज येथील स्पर्धेत तो टार्टाकोवरच्या मागोमाग दुसरा आला होता. लगेच १९३१ च्या आरंभी त्याच टार्टाकोवरशी बारा डावांचा सामना झाला, आणि तो त्याने साडेसहा विरुद्ध साडेपाच असा जिंकला. १९३१ मध्येच प्रागच्या ऑलिंपियाडमध्ये तो इंग्लंडच्या संघात पहिल्या पटावर बसला, म्हणजे प्रत्येक देशाचा उत्तमोत्तम खेळाडू त्याच्या समोर. तेथे त्याने फ्लोर आणि रुबिनस्टाइन यांना हरवले आणि तेव्हाचा जगज्जेता आल्येखिन याच्याशी बरोबरी केली. ब्रिटिश अजिंक्यपदासाठी तो चार वेळा उतरला आणि १९२९, १९३२ व १९३३ असे तीन वेळा जिंकला. हे सर्व पाच वर्षांच्या आत. आणि तेही इंग्लंडच्या हवेत, सर्दीतापाने आणि घशाच्या दुखण्याने सतत जर्जर असताना. गळ्याभोवती पट्टे गुंडाळून तो पटावर येत असे. अर्थात तो हरलाही. फ्लोरशी १९३२ चा सामना त्याने थोडक्यात गमावला. व्हेरा मेंचिकनेही त्याला हरवले. दुय्यमाकडून मात खाण्याचा नियम त्यालाही लागू होता, आणि यातच खेळाची थोरवी आहे.

आता पटावरून नजर थोडी वर करू. हेस्टिंग्जला हा डाव चालू होता त्या हिवाळ्यात लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद भरलेली होती. १२ नोव्हेंबर १९३० पासून १९ जानेवारी १९३१ पर्यंत ती चालली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि बॅ. मुकुंदराव जयकर तेथे बसलेले होते. महात्मा गांधी येरवड्याच्या तुरुंगात होते. १२ जानेवारी १९३१ रोजी त्याच येरवड्यात सोलापूरच्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या चौघांना फाशी देण्यात आले. एकीकडे हिंदी माणूस स्वतःचा कारभार करण्यास लायक आहे की नाही याची चर्चा टेबलाभोवती चालू होती. आणि त्याच देशात दुसऱ्या एका टेबलावर एक हिंदी माणूस माजी जगज्जेत्याला पासष्ट चाली सोसून हरवीत होता.

हा योग सांगताना मोह होतो, की सुलतानखानाला राष्ट्रवीर करून टाकावे. तो मोह आवरला पाहिजे. तो इंग्लंडच्या संघातून खेळत होता. त्याचा आश्रयदाता राजनिष्ठ होता, आणि आश्रिताच्या यशाने त्या दरबारी माणसाचा मानमरातब वाढत होता. याच घरातील फातिमा नावाच्या तरुणीने १९३३ मध्ये हेस्टिंग्जलाच स्त्रियांचे ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले, त्याच वर्षी सुलतानखानाने पुरुषांचे. एकाच घरातून दोन अजिंक्यपदे. पण ते घर दोघांचेही नव्हते.

याच ठिकाणी ‘चमत्कारा’ची कथा तयार झाली. पाश्चात्त्य लेखकांनी वर्षानुवर्षे असे चित्र रंगविले, की सुलतानखान हा एक निरक्षर नोकर. त्याला आपण काय करतो हे नीटसे कळतही नसे. पण जन्मजात देणगीच्या जोरावर तो मोठमोठ्यांना हरवी. अमेरिकेचा खेळाडू रूबेन फाइन याने लिहिले आहे, की १९३३ मध्ये अमेरिकेचा संघ सर उमर यांच्या घरी जेवावयास गेला, तेव्हा ताटे वाढावयास खुद्द सुलतानखान उभा होता. अलीकडच्या काळात त्याच्या कुटुंबीयांनी या चित्राला आक्षेप घेतला आहे. तो घरगडी नव्हता आणि निरक्षरही नव्हता, असे त्यांचे म्हणणे आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने दोन्ही बाजू नोंदवाव्या. पण एक गोष्ट कोणत्याही बाजूवर अवलंबून नाही. ताटे वाढणारा हात आणि हेस्टिंग्जला मोहरे उचलणारा हात एकच असला, तरी त्या डावातला विचार रतिमात्र कमी होत नाही. ‘नोकर असूनही’ या शब्दांत कौतुक आहे असे बोलणाऱ्याला वाटते; वस्तुतः त्या शब्दांत एवढेच दडलेले असते, की विचार करणे हे नोकराचे काम नव्हे. कापाब्लांकाला मात्र असे वाटले नाही. ज्याने पराभव सोसला होता त्यानेच पुढे सुलतानखानाबद्दल ‘प्रतिभा’ हा शब्द वापरला. पटावर समोर बसलेल्याला समोरच्याची किंमत अचूक कळते. बाहेर बसलेल्यांना ती आकड्यांवरून आणि कपड्यांवरून ठरवावी लागते.

१९३३ च्या अखेरीस सर उमर हिंदुस्थानास परतण्यास निघाले, आणि सुलतानखानही परतला. १९३५ मध्ये त्याने आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी दहा डावांचा सामना खेळला. खाडिलकर लेचेपेचे नव्हते; १९२४ मध्ये साउथपोर्टला ब्रिटिश अजिंक्यपदासाठी ते खेळून आले होते. त्या दहा डावांत सुलतानखानाने फक्त एक बरोबरी दिली, बाकीचे नऊ जिंकले. यानंतर पटावरून त्याचे नाव पुसले गेले. फाळणी झाली, तो पाकिस्तानात राहिला, २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोध्यास त्याचा अंत झाला. म्हणजे तीस वर्षे हा माणूस जिवंत होता आणि जगाच्या बुद्धिबळात नव्हता. त्याची बुद्धी आटली होती असे म्हणण्यास काहीही आधार नाही. आटली ती संधी. त्याची सारी कारकीर्द एका माणसाच्या प्रवासाला बांधलेली होती. तो प्रवास संपला आणि कारकीर्द संपली.

१९५० मध्ये जागतिक संघटनेने प्रथमच ‘ग्रँडमास्टर’ ही पदवी सत्तावीस जणांना दिली. त्या यादीत ऑयवे होते, टार्टाकोवर होता, फ्लोर होता. खेळ सोडून बराच काळ लोटलेला रुबिनस्टाइनही होता. या नावांपैकी टार्टाकोवरला सुलतानखानाने सामन्यात हरवले होते, फ्लोर आणि रुबिनस्टाइनला प्रागमध्ये. त्याचे स्वतःचे नाव मात्र यादीत नव्हते. तेव्हा तो सरगोध्यात हयात होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये जागतिक संघटनेचे अध्यक्ष आर्काडी द्वोरकोविच पाकिस्तानात गेले असता त्यांनी सुलतानखानाला मानद ग्रँडमास्टर म्हणून जाहीर केले. मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. कर्ज फिटले असे कोणी म्हणो. मी म्हणेन, कर्ज होते हे मान्य झाले.

मग आपण यातून काय घ्यावे? आपल्याकडे १९५५ मध्ये एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि आपले रामचंद्र सप्रे हे वेंकय्या यांच्याबरोबर तीत संयुक्त विजेते ठरले. १९६१ मध्ये मॅन्युएल एरन हे आपले पहिले आंतरराष्ट्रीय मास्टर झाले. १९८८ मध्ये विश्वनाथन आनंद पहिले ग्रँडमास्टर. संघटना उभी राहिली, स्पर्धा वाढल्या, आणि खेळाडूला कोणा सरदाराच्या बोटीत जागा मिळण्याची वाट पाहावी लागेनाशी झाली. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे स्त्रियांचा विश्वचषक झाला. नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख तेथे मानांकनाने पंधरावी होती. तिने वरच्या मानांकनाच्या खेळाडूंना एकेक करून बाजूला सारले आणि अंतिम सामन्यात कोनेरू हंपी यांना हरवून चषक घेतला; ग्रँडमास्टर पदवीही त्याबरोबरच मिळाली. या विजयाच्या वार्ता देताना पुष्कळांनी ‘चमत्कार’ हा शब्द वापरला. तो शब्द प्रेमाने वापरला होता, हे मी जाणतो. परंतु त्या मुलीने कोणत्या चालीला काय उत्तर दिले हे पाहण्याचे कष्ट त्यांपैकी किती जणांनी घेतले?

श्रोतेहो, आकडा असू द्या. तो उपयोगी आहे. कोणाशी कोणाची गाठ घालावी हे ठरविण्यास तो लागतो. पण एखाद्या दुय्यम गणलेल्याने डाव जिंकल्याचे कानी येईल तेव्हा ‘कसा काय जिंकला बुवा!’ असा उद्गार काढून पुढे जाऊ नका. त्या उद्गाराचा प्रश्न करा. खरोखरच विचारा, कसा जिंकला? हेस्टिंग्जच्या त्या डावाच्या सर्व पासष्ट चाली छापलेल्या आहेत. घरी पट असेल तर त्यावर त्या मांडून पाहा. वजीर जातो त्या तेविसाव्या चालीशी थोडे थांबा, आणि आपण असतो तर पुढे काय केले असते, याचा विचार करा. मग सुलतानखानाने काय केले ते पाहा. पंजाबातल्या त्या माणसाला याहून मोठी मानवंदना आपण देऊ शकणार नाही.